कॉइलवरचा काळा थर

विषय वाचून जरा चमत्कारिक वाटेल. इलेक्ट्रॉनिक सिगारेट ही वस्तू आपल्या देशात विकताच येत नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला, आणि तिचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात हे सगळं गुन्हा ठरलं. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग या सिगारेटचा ॲटोमायझर घरगुती वस्तूंनी साफ होतो की नाही, याची चर्चा कॉलेजच्या मासिकात कशाला?

दोन कारणं आहेत. एक म्हणजे हीट ट्रान्सफर आणि केमिस्ट्री या दोन विषयांचा इतका छोटा आणि इतका पूर्ण प्रश्न पुस्तकात सहसा सापडत नाही. दुसरं असं की हाच प्रश्न, फक्त आकाराने मोठा, आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये बादलीत उभा असतो. त्याच्याकडे आपण शेवटी येऊच.

आधी यंत्र समजून घेऊ. धूर न करणाऱ्या सिगारेटचं एक पेटंट अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये मिळालं होतं, पण ती वस्तू बाजारात काही रुजली नाही. आजची ई-सिगारेट आली ती चीनमधून. होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याच्या मूळ रचनेत पीझोइलेक्ट्रिक घटकाच्या कंपनांनी द्रवाचे बारीक थेंब करायची कल्पना होती. पुढे ती मागे पडली आणि साधी तापणारी तार आली. म्हणजे खरं पाहता 'ॲटोमायझर' हे नावच आता चुकीचं आहे. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा फवारा उडतो ते खरं ॲटोमायझेशन. इथे द्रवाची आधी वाफ होते आणि ती थंड हवेत गेल्यावर तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आत असतं तरी काय? नायक्रोमची नाहीतर कँथलची बारीक तार, तिच्या वेटोळ्यात किंवा तिला लगटून एक वात, आणि वातीला द्रव पुरवणारी टाकी. देवघरातल्या समईची वात तेल वर खेचते तशीच ही वात केशाकर्षणाने द्रव खेचते. जुन्या काळी, म्हणजे २००८ ते २०१२ च्या सुमाराला, वात सिलिकाच्या धाग्याची असे आणि काही प्रकारांत धातूची सच्छिद्र जाळी असे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये वापरणारे लोक हाच भाग परत परत धुऊन वापरायला बघत, कारण तो लवकर बिघडे आणि दरवेळी नवा घेणं खिशाला परवडत नसे. त्यातूनच घरगुती उपायांची यादी तयार झाली: उकळतं पाणी, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, व्होडका, कोका-कोला, आणि कवळी साफ करायच्या गोळ्या! प्रत्येक उपायाला आपापले भक्त होते. दोन भक्तांचं एकमेकांशी पटत नसे, आणि तसं का, हेच आपल्याला बघायचं आहे.

थोडं गणित

समजा बॅटरी ३.७ व्होल्टची आणि कॉइल २ ओहमची. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, म्हणजे सुमारे ६.८ वॅट. 'एवढंच?' असं वाटेल. पण तार किती लहान आहे ते बघा. ०.२ मिलिमीटर जाडीची नायक्रोमची तार घेतली तर तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ३५ ओहम भरतो. २ ओहमसाठी पावणेसहा सेंटिमीटर तार पुरते. तिचं बाहेरचं क्षेत्रफळ ०.३६ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला १९ वॅट मिळतात.

आता १५०० वॅटचा पाण्याचा रॉड घ्या. नळी ८ मिलिमीटर व्यासाची आणि उलगडल्यावर मीटरभर लांब धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला ६ वॅट येतात. म्हणजे पेनाएवढ्या नळीतली ती केसासारखी तार बादलीतल्या रॉडच्या तिप्पट हीट फ्लक्स सोसते! द्रव सतत येत राहिला तर ही उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान आटोक्यात राहतं. मध्ये थर बसला, वात कोरडी पडली, की उष्णतेला जायला वाट राहत नाही. बॅटरी तर तेवढेच वॅट देत राहते. मग तारेचं तापमान चढतं, थर आणखी करपतो, करपलेला थर द्रवाला आणखी अडवतो. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक. वायव्हात उदाहरण विचारलं तर हे सांगायला हरकत नाही (परीक्षक बघून सांगा).

थर कशाचा?

इथेच सगळी मेख आहे. लोक विचारतात, 'कशाने साफ करू?' विचारायला हवं, 'चिकटलंय काय?'

द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. त्यात निकोटिन, स्वाद, आणि बऱ्याच वेळा सुक्रॅलोजसारखं गोडीचं द्रव्य. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० अंशाला. ही दोन्ही उडून जातात. सुक्रॅलोजची मात्र वाफ होत नाही, ते तिथेच तुटतं आणि करपतं. स्वादांतली जड द्रव्यंही मागे राहतात. ग्लिसरीन स्वतः फार तापलं तर त्यातलं पाणी निघून ॲक्रोलिन बनतं, म्हणजे तेल जळल्यावर डोळ्यांत जो झोंबरा वास जातो तो. गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला जे होतं, किंवा घरी दूध आटवताना विसरलं की पातेल्याच्या बुडाला जे होतं, तेच हे.

त्या खरवडीला तीन पदर असतात असं समजा. सगळ्यात वरचा पदर ताजा, चिकट. यातलं बहुतेक सगळं पाण्यात विरघळतं, कारण ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि सुक्रॅलोज ही तिन्ही पाण्याची दोस्तमंडळी. मधला पदर तपकिरी. इथे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे झालेले असतात, ते पाण्याला दाद देत नाहीत, अल्कोहोल किंवा गरम अल्कलीला थोडीफार देतात. तळाचा पदर काळा, जवळजवळ कोळसा. कोळसा विरघळवणारी बाटली कुठल्याच किराणा दुकानात मिळत नाही. तो खरवडून काढायचा किंवा जाळून टाकायचा, तिसरा मार्ग नाही.

एवढं लक्षात घेतलं की भक्तांची भांडणं मिटतात. ज्याचा थर ताजा होता त्याला गरम पाण्याने गुण आला, ज्याचा तपकिरी होता त्याला व्होडकाने, आणि ज्याचा काळा होता त्याने सगळं करून पाहिलं आणि शेवटी नवा आणला.

उपाय एकेक

गरम पाण्याला लोक फार कमी लेखतात. वरचा पदर ते काढतं आणि मागे काही ठेवत नाही, निदान डिस्टिल्ड वॉटर असेल तर. बोअरचं पाणी असेल तर तारेवर नवा पांढरा थर चढेल, ते वेगळं.

अल्कोहोल तपकिरी पदरावर बरं चालतं आणि ७८ अंशाला उडून जातं. पण दोन गोष्टी. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम दुसरी द्रव्यं मिसळलेली असतात, ती तारेवर नकोत. आणि अल्कोहोल खोलीच्या तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ देतं. ओली वात आणि लाल तार एकत्र आली की भडका ठरलेला.

व्हिनेगर म्हणजे पाण्यात चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड. ते कॅल्शियमच्या थरावर रामबाण, पण करपलेल्या साखरेवर त्याचं काहीच चालत नाही. कारण साधं आहे. कार्बोनेटला ॲसिड भेटलं की रासायनिक क्रिया होते, कोळशाला भेटलं तर काही होत नाही. उलट ॲसिडचा डोळा असतो धातूवर. जुन्या ॲटोमायझरात पितळेवर निकेलचा मुलामा आणि सांध्यांना डाख असे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं हे आपल्या आज्यांना कुठलीही केमिस्ट्री न शिकता माहीत होतं. इथे व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवलेला पितळी सांधाही कळकतोच, फक्त चव कळायला जीभ तिथे नसते.

खाण्याचा सोडा पाण्यात घालून उकळला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा तयार होतो. करपलेल्या पातेल्यात सोडा घालून उकळायची आई-मावशीची युक्ती म्हणूनच चालते, कारण गरम अल्कली तपकिरी पदर सैल करते. पण त्यातच व्हिनेगरही ओततात आणि फसफस बघून खूश होतात, त्यांना काय म्हणावं? ॲसिड आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. बुडबुड्यांनी सैल कचरा थोडा हलतो, बाकी नुसती करमणूक.

कोका-कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, त्यात फॉस्फोरिक ॲसिड. गंजावर ते काम करतं. पण ज्या तारेवर साखर करपल्याची तक्रार आहे तिला साखरेच्याच पाण्यात बुडवायचं, हा विनोद कुणाच्या लक्षात कसा आला नाही?

कवळीच्या गोळ्यांमध्ये सोडा, सायट्रिक ॲसिड आणि ऑक्सिडायझर असतात. ऑक्सिडायझर रंगीत रेणू तोडतो, म्हणून थर 'गोरा' दिसायला लागतो. पण याच गोळ्यांतल्या परसल्फेटमुळे काहींना ॲलर्जी होते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये उत्पादकांना इशारा छापायला सांगितलं होतं. कवळी निदान नळाखाली खळखळून धुता येते. सिलिकाच्या वातीच्या आत शिरलेलं द्रावण कसं धुणार?

आणि शेवटचा उपाय 'ड्राय बर्न', म्हणजे द्रव नसताना तार लाल करायची. काळ्या पदरावर खरं चालणारं एवढंच, कारण कार्बन हवेत जळून वायू होऊन निघून जातो. सिलिकाची वात हे सोसते, कापसाची जळते. पण तारेलाही किंमत मोजावी लागते. नायक्रोम टिकतो तो त्यावर बसलेल्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ कवचामुळे, आणि कँथल ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कवचामुळे. पुन्हा पुन्हा लाल करा, गार करा, ब्रशने घासा, की हे कवच तडकतं. तडकलेले कण जातात कुठे?

मागे काय उरतं?

स्वच्छतेच्या जाहिरातीत काय गेलं ते दाखवतात. इथे काय उरलं हे महत्त्वाचं, कारण उरलेलं थेट फुप्फुसात जाणार. म्हणून वरच्या यादीचे दोन गट पडतात. पाणी, अल्कोहोल, ॲसेटिक ॲसिड ही वाळवली की उडून जातात. सोडा, साखर, फॉस्फोरिक ॲसिड, कवळीच्या गोळीतले क्षार, भांड्यांचा साबण ही वाळल्यावर घनरूपात तिथेच बसतात आणि पुढच्या झुरक्याला तापतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'अरे, खायच्याच वस्तू आहेत, काय होतंय!' खायची वस्तू श्वासातून घ्यायलाही चालते, हा समज किती महागात पडतो त्याचं उदाहरण सिगारेटशी काही संबंध नसलेल्या एका कारखान्यातलं आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. लोण्याचा स्वाद म्हणून डायॲसिटिल वापरत. खाण्यासाठी ते मान्यताप्राप्त. २००० मध्ये तिथल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका कायमच्या आवळून टाकणारा आजार असल्याचं उघडकीला आलं. ते पॉपकॉर्न खात नव्हते, तापलेल्या स्वादाची वाफ हुंगत होते. जठरात ॲसिड आहे, त्यामागे यकृत आहे. फुप्फुसात यातलं काही नाही, तिथे हवा आणि रक्त यांच्यात मायक्रॉनपेक्षाही पातळ पडदा आहे. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले, त्यांतल्या ३९ मध्ये हेच डायॲसिटिल सापडलं.

२०१९ चं प्रकरण तर ताजंच आहे. अमेरिकेत तरुण पोरं अचानक धाप लागून दवाखान्यात येऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ६८ दगावले. बहुतेकांनी गांजातल्या टीएचसीची, बरीचशी चोरट्या बाजारातली काडतुसं ओढलेली होती, आणि द्रव घट्ट दिसावा म्हणून त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. व्हिटॅमिन ई! केमिस्टकडे गोळी मिळते तेच.

धातूंचंही मोजमाप झालेलं आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये ५६ जणांची स्वतःची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू फार कमी होते, पण तोच द्रव कॉइलवरून गेल्यावर शिसं, निकेल, क्रोमियम यांचं प्रमाण चांगलंच वाढलेलं होतं. म्हणजे धातू द्रवातून नव्हे, मुख्यतः यंत्रातून येतात. मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

पुढे उत्पादकांनी हा सगळा प्रश्न आपल्या पद्धतीने निकालात काढला. कापसाची वात असलेली बंद कॉइल आली, जी धुताच येत नाही, थेट बदलायची. मग सगळं उपकरणच वापरून फेकायचं आलं, आतल्या लिथियम बॅटरीसकट. त्या कचऱ्याला कंटाळून ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरायच्या ई-सिगारेटींची विक्री बंद केली.

आता आपला रॉड

पाणी तापवायचा रॉड हासुद्धा हॉस्टेलमध्ये बहुधा बंदीतलाच माल, पण घरी, कॉट बेसिसवर राहणाऱ्यांकडे आणि स्टाफ क्वार्टर्समध्ये तो असतोच, आणि किटली तर सगळ्यांकडेच. त्यावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या मानाने शंभरपटीहून कमी, म्हणून थर चढत गेला की नळी आतून जास्त तापते आणि एक दिवस आतली नायक्रोम तुटते. दुखणं तेच, पण थर वेगळा, म्हणून औषधही वेगळं. इथे व्हिनेगर शंभर टक्के लागू पडतं.

हिशोबही सोपा आहे. १० ग्रॅम थराला १२ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड लागतं, म्हणजे पाच टक्क्यांचं व्हिनेगर पाव लिटरला थोडं कमी. त्यापेक्षा स्वस्त म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. तेवढ्याच थराला ते साधारण १३ ग्रॅम पुरतं. रॉडचा प्लग काढून, तो पूर्ण गार झाल्यावर, फक्त पाण्यात बुडणारा भाग कोमट द्रावणात ठेवायचा, प्लास्टिकच्या बादलीत. बुडबुडे थांबले की एक तर थर संपला किंवा ॲसिड संपलं. चिमूटभर लिंबूसत्व आणखी टाकून बघितलं की कोणतं ते कळतं. मग भरपूर पाण्याने धुवायचं. रात्रभर ठेवायचं नाही, कारण थर संपल्यावर ॲसिड नळीच्या धातूकडे वळतं. नळीला चीर किंवा भोक दिसलं तर साफ करत बसू नका, टाकून द्या. असा रॉड पाण्यात करंट सोडू शकतो.

घाई असते म्हणून काही जण टॉयलेट साफ करायचं ॲसिड वापरतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. थर तर पटकन जातो, पण नळीचा मुलामाही जातो. आणि खरा धोका पुढे आहे. त्याच मोरीत कुणीतरी आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, किंवा 'दोन्ही मिसळलं तर डबल साफ होईल' असं कुणाच्या तरी डोक्यात येतं. हायपोक्लोराइट आणि ॲसिड भेटले की क्लोरीन वायू निघतो, तोच जो २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सोडला गेला होता. तो हवेच्या अडीचपट जड, म्हणून खाली साचतो, आणि आपली बाथरूमं तर खिडकी बंद, दार बंद, वाकून घासणारा माणूस खाली.

तसा पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास आला तर उरलेलं ओतून बघायचं नाही, पाणी मारून 'पातळ' करायच्या भानगडीत पडायचं नाही, ताबडतोब बाहेर यायचं आणि दार उघडं ठेवून मजल्यावरच्या सगळ्यांना बाहेर काढायचं. खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं थांबत नसेल तर रेक्टर येण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. वायू फुप्फुसात गेला तर कधी कधी त्रास काही तासांनी वाढतो, त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणणाऱ्यालाही त्या रात्री खोलीत एकट्याला झोपू द्यायचं नाही.